जयदीपची शेगडी आणि पाडव्याचा बेत

फरीदाबाद,
पौषातला एक उन्हाचा रविवार

प्रिय अलकनंदा,

तुला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला आशीर्वाद. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मला इथून दिसतं. कर.

आम्ही दोघं बरी आहोत. पाडव्याला सामानसुमान घेऊन सांगलीला कायमचे येताय ना, आणि तुझ्या समोरच्या आमच्या फ्लॅटला रंग कोणता लावायचा, असं तू विचारलं आहेस. भाऊजी गेल्यापासून तू आमची वाट बघते आहेस, हे मला कळतं. दोन्ही उत्तरं या पत्रात देणार आहे. फोनवर देता आली असती, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आधी शेगडीचं सांगते. दिवाळी झाल्यावर यांना मी मागच्या गल्लीत जयदीपकडे पाठवलं. (जयदीप म्हणजे तो तरुण इंजिनिअर, बंगलोरला बदली झालेला.) त्याचं सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याचा नंबर आणायचा, एवढंच काम होतं. सांगलीला जायचं तर आधी घरातलं सामान कमी करायला हवं, हे मी यांना दसऱ्यापासून बजावत होते. हे नंबर न घेता परत आले आणि सोबत तीन पायांची, झाकणाची, हंड्याएवढी कोळशाची शेगडी घेऊन आले. (तिला बार्बेक्यू म्हणतात. मी शेगडी म्हणते.) जयदीपने फुकट दिली, असं अभिमानाने म्हणाले. फुकट देणारच. आत बोटभर जाडीचा ओशट काळा थर, जाळी गंजलेली, तळाशी पावसात भिजून दगड झालेली राख. तिच्यावर काय काय भाजलं गेलं असेल याची चौकशी मी केली नाही. लोखंड आगीत शुद्ध होतं, असं मनाशी ठरवलं आणि पदर खोचला. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, नारळाच्या शेंड्या आणि तारेचा ब्रश. हे शेजारी उभे राहून सूचना करत होते, म्हणून त्यांना चहा करायला पाठवलं.

शेगडी स्वच्छ झाली तेव्हा माझं काम संपलं आणि यांचं सुरू झालं. जन्मभर सरकारी बांधकामात काढलेला माणूस. जी वस्तू जागची हलत नाही ती वर्षातून एकदा रंगवायची, ही यांची श्रद्धा. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कुंपण, कुंड्या, पाण्याची टाकी आणि एकदा नजरचुकीने शेजाऱ्यांची सायकल, सगळं चंदेरी झालेलं होतं. मी भाजीला गेले तेवढ्यात यांनी शेगडीही रंगवली. गच्चीत देवळाच्या कळसासारखी चमकत होती, ते नाकारत नाही. पण झाकण लावलेलं असल्यामुळे आतूनसुद्धा, जाळीसकट, तोच रंग फासला आहे हे मला कळलं नाही.

इथे हिवाळ्यात शेगडी पेटवायलाही हवेची परवानगी लागते. फोनवर प्रदूषणाचा आकडा बघायचा, लाल असला की गप्प बसायचं. शेवटी एक दिवस पाऊस पडून आभाळ धुतलं गेलं आणि आकडा निवळला. मी कोळसे रचले, काडी ओढली. थोड्या वेळाने चंदेरी रंगाला पापडासारखे फोड आले आणि असा काळा धूर निघाला की समोरच्या गच्चीतली कबुतरं उठली. खालच्या मजल्यावरच्या कमलेशजी (इकडे कमलेश हे बाईचं नाव असतं) "हाय राम, भाभीजी, टंकी फट गई के?" (टंकी म्हणजे गॅसचा सिलिंडर) असं ओरडत, हाताशी होती ती बादली घेऊन वर आल्या आणि मी थांबा म्हणेपर्यंत ती शेगडीवर उपडी केली. बादलीत कपडे भिजत होते. त्यांच्या यजमानांचा बनियन जाळीवर पडला आणि चुरचुरला. कमलेशजींनी तो चिमट्याने उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "चलो, कुछ तो पका."

मग सगळा रंग खरवडून काढणं आलं. यांचा खांदा दुखतो, म्हणून मीच बसले. अलकनंदा, खरवडणं हे विचित्र काम आहे. हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं सुटतं. मी तीस वर्षं दुपारच्या वेळी फाइलींवर शेरे लिहिले. दुपारी ऊन नेमकं कुठे असतं, हे मला माहीतच नव्हतं. ते आमच्या गच्चीत असतं. आधी पाण्याच्या टाकीवर, मग हळूच उतरून पाठीवर येतं आणि शालीत शिरून बसतं. धुक्यात पलीकडच्या इमारती विरघळून जातात, उरतात फक्त दोऱ्यांवरचे कपडे, कुणी न घातलेले, हवेत उभे. दूर मथुरेकडे जाणारी गाडी जाते. ती दिसत नाही, तिचा आवाज तेवढा येतो आणि बराच वेळ राहतो. खरवडलेल्या रंगाचा चंदेरी भुगा मांडीवर साठत होता आणि मला तो झटकावासा वाटत नव्हता. (मला. तू हे वाक्य पुन्हा वाच.)

असंच बसल्या बसल्या मला आमचा सांगलीचा फ्लॅट दिसला. डुलकी नव्हती, डोळे उघडे होते. बाल्कनी, तू ठेवलेली तुळस, खाली दूधवाला. पण ऊन इथलं होतं, पिवळं, जाड, गोधडीसारखं. आणि त्या बाल्कनीत कमलेशजी खाटेवर बसून मटार सोलत होत्या. मी त्यांना उठवायचा प्रयत्न केला. उठेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी उठवलंच नाही, शेजारी बसून मटार सोलू लागले.

काल शेगडी पुन्हा पेटवली. धूर नाही, वास नाही, नुसते लाल निखारे. कमलेशजींनी रताळी आणली होती. उपासाला आपण उकडतो ती फिकी नव्हे. निखाऱ्यात भाजलेली, साल काळी, आत मध. वरून लिंबू आणि मसाला. संध्याकाळ होईपर्यंत कुणी उठलं नाही. मीसुद्धा.

तुझी,
सुमित्राताई

ता. क. : फ्लॅटला रंग भाडेकरूला आवडेल तो लाव. भाडेकरू शांत बघ.

ता. क. २ : तू रागावशील. दोन दिवस रागाव, मग फोन कर. मी मध्ये बोलणार नाही. तू एकटी आहेस हे विसरून मी हे ठरवलेलं नाही. थंडी आहे तोवर इकडे ये आणि होळीपर्यंत राहा, पुढेही राहा. आमच्याकडे तीन जिने आहेत, म्हणून गुडघ्याचा व्यायाम आजपासून.

ता. क. ३ : यांना अजून बोललेले नाही. ते सांगलीसाठी आसुसले आहेत, रोज पुस्तकं खोक्यांत भरतात. त्यांचं मन मोडायचं तर मला सवडीने मोडावं लागेल. तोवर फोनवर एक शब्द काढू नकोस.

(चि. अलकनंदा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. खोक्यांत उशा आहेत. ती रोज बजावायची, मी रोज हो म्हणायचो. मला जायचं आहे का, हे कुणी विचारलंच नाही. आता तिला सवडीनेच सांगू दे. मी आठवडाभर उदास राहणार आहे. मी उदास असलो की ती पुरणपोळी करते. तू लवकर निघालीस तर तुलाही मिळेल. – गुणवंत)