दाट शक्यता

मंगळवार, श्रावण. विश्रामबाग.

हवामान का बदलतंय ते समजून घ्यायला आज आमदार कॉलेजात आले. भूगोल मी शिकवतो, म्हणून टिपण माझंच. त्यात स्वच्छ लिहिलंय: तापमान माणसामुळंच वाढतंय. पुढं, त्यानं अतिवृष्टी वाढल्याची 'दाट शक्यता'.

पहिलं वाक्य सोडून त्यांनी 'शक्यता'वर बोट ठेवलं. इतक्या पटकन? आधीच कुणी दाखवून ठेवलं होतं का?

"म्हंजी पक्कं न्हाई."

"साहेब, शास्त्रात दाट शक्यता म्हणजे जवळजवळ खात्रीच."

"पोरगी बघून 'कळवतो' म्हणत्यात, तसलंच की हे!"

सगळे हसले. मीही. का हसलो मी?

बाहेर पत्रकारांना त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, "शास्त्रज्ञांचंच अजून ठरंना." समजून घ्यायला नव्हतेच आले. तेवढा एक शब्द न्यायला आले होते.

मग गाडीपाशी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली.

"सर, नदीकाठचं घर सोडतोय. तुमच्या विश्रामबागेत बांधायला काढलंय. पाणी लय वर यील म्हणताय, तर जोतं किती उंच घेऊ?"

म्हणजे पटलंय! केव्हाच पटलंय गड्याला.

मी म्हणालो, "कळवतो."