मी ट्विल नव्हे

२ सप्टेंबर १९५७, सोमवार

आज सकाळी न्याहारीच्या आधी मी चर्चच्या फाटकाला हिरवा रंग दिला. बस, एवढंच केलं. गेल्या हिवाळ्यात खालची फळी भिजून भिजून मऊ पडली होती, आणि शेडमध्ये डब्यात रंग उरला होता. रंगवताना कालचं स्तोत्र गुणगुणत होतो. ब्रश धुतला, घरी आलो, अंडं उकडलं.

अंडं फोडतोय तोच पर्सी हॅचर्ड दारात! पर्सीचा गावात पब आहे. त्याला धावताना मी शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

"इनॉक, अरे काय करून बसलास! पुस्तकात त्या फाटकाचे पोपडे निघालेत!"

"म्हणूनच तर रंगवलं."

"अरे बाबा, लोक ते पोपडे बघायलाच येतात रे! लंडनची मंडळी अठ्ठावीस तारखेला येतायत, आणि तू फाटक नवरीसारखं सजवून ठेवलंस?"

संध्याकाळी गावची कमिटी बसली. ठराव झाला — रंग काढावा.

३ सप्टेंबर

ओला होता म्हणून पुष्कळसा निघाला. पण पोपडे काही परत येईनात. कमिटी नाराज. पर्सी म्हणाला, "निदान थोडी माती तरी फास." फासली. फाटक आता आजारी दिसतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या गावात 'पुस्तक' म्हटलं की दोन पुस्तकं. रविवारी एक, बाकीचे सहा दिवस दुसरं. हे दुसरं मि. लँब्टन ऑर्डिश यांचं. टेकडीवरच्या पांढऱ्या घरात राहतात. साऱ्या इंग्लंडला हसवलं त्यांनी, आणि आमच्या गावाला धरूनच हसवलं असं सगळे म्हणतात. या महिन्यात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होतात, त्यासाठीच लंडनची ऑर्डिश मंडळी, म्हणजे त्यांच्या चाहत्यांचं मंडळ, येणार.

पुस्तक आलं तेव्हा मी तिशीत होतो. कसाई क्रॅडॉकने दुकानात पाटी लावली होती — ऑर्डिश यांना मांस मिळणार नाही. कर्नलची बायको वकिलाकडे गेली. कोणी तरी त्यांच्या कोंबड्या मोकळ्या सोडल्या. आणि आता? आता क्रॅडॉकच्या दुकानात पाटी आहे — 'पुस्तकातला लबाड कसाई तो हाच.' खाली पोर्क-पाईचा, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्रीचा, भाव.

आणि मी ट्विल. पुस्तकातला ट्विल माझ्यासारखाच चर्चची घंटा वाजवतो, गवत कापतो, कबरी खणतो. रोज सकाळी फाटकापाशी थांबतो, समोरच्या खिडकीतल्या बाईसाठी टोपी काढतो, काहीतरी बोलणार म्हणून तोंड उघडतो — आणि टोपी परत डोक्यावर घालतो. वर्षानुवर्षं. शेवटच्या पानावर मरतो. न विचारताच. त्या पानावर लोक हसता हसता डोळे पुसतात म्हणे.

समोरच्या खिडकीत मिस हेस्टर मॅब्ली राहतात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, मुलांना पियानो शिकवतात. तेव्हाही तिथेच राहत होत्या.

म्हणजे सारं ठरलंच! ट्विल कोण, तर इनॉक प्रूएट. मला कोणी विचारलंच नाही.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर मेणबत्त्या विझवत होतो. मिस मॅब्ली ऑर्गनचं झाकण लावत होत्या. सहज म्हणाल्या, "मि. प्रूएट, टॉर्कीला राहते ती बहीण मागे लागली आहे, तिकडेच राहायला ये म्हणून. समुद्राजवळ घर घेतलंय तिने. वरची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवलीय."

"कोणता रंग?" मी विचारलं.

कोणता रंग! हेच सुचलं मला!

"फिका पिवळा," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला कळवते म्हटलंय." मग थोडं थांबल्या. मीही थांबलो. तेवढ्यात पाद्रीसाहेब आले आणि छपराच्या गळतीबद्दल बोलू लागले.

देवा, तुझं छप्पर मी दुरुस्त करीन. पण ती वेळ होती का!

९ सप्टेंबर

खरं काय ते इथे तरी लिहावं. मला त्यांना विचारायचं आहे. आजचं नाही, खूप वर्षांचं आहे. पण मी फाटकापाशी टोपी हातात घेतली की सारं गाव श्वास रोखून बघतं — आता ट्विल काय करतो! विचारलं, तर पुस्तक वाचलेला प्रत्येक माणूस हसणार. आणि त्यांनाही हसणार. माझं सोडा, मला सवय आहे. त्यांना कोणी हसलेलं मला चालणार नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

पबमध्ये भांडण. पुस्तकात एक म्हातारी हंसाला बाबागाडीत घालून जत्रेला नेते. ती कोणाची आजी, यावर. मिसेस क्रॅडॉक म्हणते आमची. मिसेस टिझर्ड म्हणते आमची.

"तुमच्या आजीला हंस परवडला असता का!"

"आणि तुमच्या आजीला बाबागाडी?"

मी मुकाट सफरचंदाचा सायडर पीत होतो. पर्सी माझ्या खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना म्हणाला, "हा आमचा ट्विल. अस्सल. अजून विचारलेलं नाही बरं का!" पाहुणे खूश. एका बाईने मला हात लावून पाहिला.

१३ सप्टेंबर

पाऊस. एक कबर बुजवली, एक खणली. शांत वाटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज मोठी गोष्ट घडली. सावकाश लिहितो.

मि. ऑर्डिश स्वतःच्या कबरीसाठी जागा बघायला आले. दोन काठ्या, मफलर, नाक लाल. देवळाची पायरी ते चढत नाहीत, पण आवारात झोपायची त्यांची हरकत नाही.

"प्रूएट, इथे शेजारी कोण?"

"कर्नलसाहेब."

"नको रे बाबा. जिवंतपणी त्याच्या शिकारीच्या गोष्टी ऐकल्या तेवढ्या पुरे. तिकडे?"

"कसायाची आई."

"ती बरी. तिने मला एकदा छत्रीने मारलं होतं. ओळखीचं माणूस."

जुन्या यू वृक्षाखाली त्यांना बसवलं, माझ्या थर्मासमधला चहा दिला. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "साहेब, तुम्ही ट्विलसाठी मलाच का घेतलंत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला?"

"टोपी. फाटक. समोरची खिडकी."

मग ते जे हसायला लागले! चहा मफलरवर सांडला. "अरे, ते प्रकरण मी लिव्हरपूलला एका भाड्याच्या खोलीत लिहिलं. हे गाव नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं! माझ्यासमोर गोदीतला एक कारकून होता, फाटक गोदीचं होतं. इथे घर घेतलं ते पुस्तक छापायला गेल्यावर."

"आणि कसाई? कर्नलची बायको? हंस?"

"सगळे माझ्याकडे आले रे. तावातावाने. हा मीच, ही मीच! मी कसायाला म्हटलं, तो तुम्ही नव्हे. तर तो जास्तच भडकला. म्हणतो, मग काय मी पुस्तकात घेण्याच्या लायकीचा नाही? तेव्हापासून मी कोणाला नाही म्हणत नाही." चहाचा घोट घेतला. "तू मात्र कधी आला नाहीस."

मी काय जाणार? मीही त्यांना माझं सांगितलं. फाटकापाशी मी टोपी काढतो ती देवासाठी. माझ्या बापानेच शिकवलं — आवारात पाऊल टाकताना डोकं उघडं करायचं, मनात 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, ओठ हलले तरी चालतील. मग टोपी घालायची आणि कामाला लागायचं. समोर खिडकी आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. पुस्तक आलं, गाव हसू लागलं, तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं — लोक म्हणतात ती बाई तरी कोण! त्या खिडकीत वाटाणे सोलत होत्या. बघितलं, आणि मग...

"आणि मग?" ते म्हणाले.

"मग खरंच झालं, साहेब."

ते काठीने गवतात रेघा ओढत बसले. "सगळे टीकाकार म्हणतात, ऑर्डिश हसवतो झकास, पण याच्या पुस्तकात कोणी कोणावर प्रेम करत नाही. दगडाच्या काळजाचा माणूस. उद्या माझ्या मृत्युलेखात हेच येणार. आणि इथे एक माणूस माझं पुस्तक वाचून प्रेमात पडला!"

"मी वाचलेलं नाही, साहेब."

"त्याहून उत्तम!" पुन्हा हसले. मग एकदम गंभीर. "मग घोडं अडलंय कुठे? ट्विल मेला, कारण मला शेवट सुचत नव्हता. तुला काय झालंय?"

मी थर्मासचं झाकण लावलं. जागा मात्र ठरली. कसायाच्या आईजवळ.

१८ सप्टेंबर

दिवसभर काम केलं आणि दिवसभर मनात तेच. मी ट्विल नव्हे. कधीच नव्हतो. एवढी वर्षं मी एका गोदीतल्या कारकुनाची लाज वाहत होतो!

हसू येतं. रागही यायला हवा होता, पण येत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पर्सीला थोडं सांगून बघितलं. नुसतं एवढंच, की कदाचित मी मिस मॅब्लींना विचारीन. पर्सी खुर्चीत बसला. तोंडचं पाणी पळालं त्याच्या.

"इनॉक, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस. तू विचारलंस की संपलं! मग ते फाटक म्हणजे नुसतं फाटक. कोण येणार बघायला? बस येते ती कशासाठी? माझ्या पोर्क-पाई विकत घेतात ते कशासाठी? तू विचारत नाहीस म्हणून!"

"आणि त्या टॉर्कीला गेल्या तर?"

पर्सीने डोकं खाजवलं. "खिडकीत दुसरी कोणी बसवू. मिसेस टिझर्ड तयार होईल."

रागावणार होतो. पण त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता की मीच त्याला सायडर पाजला.

शेवटी एवढंच कबूल केलं — अठ्ठावीस तारखेपर्यंत काही बोलणार नाही. माझ्या जिवावर गाव जेवतं, तर त्यांचा एक सण मोडायला नको.

२२ सप्टेंबर, रविवार

सुगीची उपासना. भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या, मधोमध पेंढीच्या आकाराचा मोठा पाव. सारं चर्च बागेसारखं दरवळत होतं. मिस मॅब्लींनी शेवटचं गीत इतकं जलद वाजवलं की गायक मंडळी धापा टाकत मागे राहिली. पुस्तकातली बाई शेवटचं गीत मुद्दाम रेंगाळत वाजवते. त्यामुळे लोक चकित. मी तिकडे बघितलं. त्यांच्या गालावर खळी पडली होती.

हे त्यांनी मुद्दाम केलं का?

२५ सप्टेंबर

टॉर्कीच्या गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या पियानोवर पाहिलं. खिडकी दुरुस्त करायला गेलो होतो. खिडकीत काही बिघाड नव्हता.

२८ सप्टेंबर, शनिवार

झालं एकदाचं. तीन बस, फोटोवाले, एक बँड. मि. ऑर्डिश ब्लँकेट गुंडाळून चाकाच्या खुर्चीत, चेहरा अगदी निरागस. ऑर्डिश मंडळीच्या अध्यक्षांनी भाषण केलं. या थोर लेखकाने या गावातल्या साध्याभोळ्या माणसांना जसंच्या तसं अमर केलं, वगैरे. जसंच्या तसं! मि. ऑर्डिशनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

मग माझी पाळी. कमिटीने सांगितलं होतं — टोपी काढ, तोंड उघड, टोपी घाल. समोर खिडकीत मिस मॅब्ली बसल्या होत्या. त्यांनाही बसायला सांगितलं होतं. मांडीवर वाटाण्यांची परात. आता वाटाण्यांचा हंगाम नाही, रिकामीच परात होती.

मी टोपी काढली. सगळे गप्प. मला वाटलं, सांगून टाकावं, इथेच, सगळ्यांसमोर! पण हे तमाशाचं बोलणं नव्हे. मग मी रोज करतो तेच केलं. मान खाली घातली, 'हे आमच्या बापा' म्हटलं, पूर्ण म्हटलं, सावकाश. आमेन. टोपी घातली.

टाळ्यांचा कडकडाट! एक बाई हुंदके देत म्हणाली, "किती हुबेहूब!" तिचा नवरा म्हणाला, "मला नाही पटलं. पुस्तकातला ट्विल याहून जास्त लाजतो."

पर्सीच्या सगळ्या पोर्क-पाई संपल्या. त्याने मला मिठी मारली. मी म्हटलं, "पर्सी, अठ्ठावीस तारीख झाली." त्याची मिठी सैल पडली.

६ ऑक्टोबर, रविवार

आज पाद्रीसाहेबांनी उपासनेत दोन नावं वाचली. इनॉक प्रूएट, अविवाहित. हेस्टर मॅब्ली, अविवाहित. या लग्नाला कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी. सगळ्या माना पर्सीकडे वळल्या. पर्सी छताकडे बघत बसला.

सोमवारीच विचारलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात, ती जॅम ढवळत होती. मी म्हटलं, पुस्तक आलं नसतं तर मी कधी मान वर करून बघितलंच नसतं. ती ढवळायची थांबली नाही. म्हणाली, "मी पुस्तक यायच्या आधीपासून त्या खिडकीत बसत होते, इनॉक. पण तुम्ही रोज देवाशी बोलत होतात. मध्ये कसं बोलायचं?"