याकोव, अव्राहामचा मुलगा

वॉटफर्ड
२ फेब्रुवारी २०२४

चि. एलिजास,
ईवामावशीचे अनेक आशीर्वाद आणि शालोम.

फोनवर तू सदा घाईत, म्हणून लिहिते. पत्र तरी मधेच कट करता येत नाही.

आपल्या टालियाने कॅलमशी लग्न करायचं ठरवलंय. माझी एकुलती एक नात! मुलगा गुणी आहे, पण आपल्यातला नाही. आपल्या घरात असं कधी झालेलं नाही, असं मी तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मग आपला तो जर्मन कोण होता? मला राग आला. तेव्हापासून तिचा फोन नाही.

माझ्या आईचे पणजोबा, याकोव आजोबा, जर्मन असले तरी ज्यूच होते, हे मला तिला दाखवायचंय. तू लायब्ररीतला माणूस, शोधून काढ. आई सांगायची ते एवढंच: इंग्रजांनी क्रिमियाच्या लढाईसाठी जर्मन सैनिक जमवले आणि नंतर त्यांना आफ्रिकेत, केपला जमिनी देऊन वसवलं. आजोबांनी तिथे शेती केली, डाव्या हाताची करंगळी गमावली, मग मुंबईच्या पलटणीत आले आणि पनवेलच्या रिबकाबाईंशी लग्न केलं. स्मरणाच्या प्रार्थनेत आपण त्यांना ‘याकोव बेन अव्राहाम’ म्हणतो. म्हणजे वडील अव्राहाम. तेवढा धागा धर.

हल्ली ते माझ्या स्वप्नात येतात. कालव्याच्या काठाने बोटींच्या बाजूने चालत असतात, मी हाका मारते, पण वळून बघत नाहीत. जाग आल्यावर घर फार मोठं वाटतं.

टोस्टवर दिवस काढू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ईवामावशी


एडिनबरा
१० मार्च २०२४

ती. ईवामावशीस,
एलिजाचा शि. सा. न. वि. वि.

टोस्ट सोडला, आता पॉरिजवर आहे. रागावू नकोस.

अव्राहामचा मुलगा याकोव त्या सैनिकांच्या नोंदींत कुठेच सापडला नाही. एक याकोब मात्र आहे. केपला जमीन, करंगळी नाही, तिथून मुंबई, सगळं जुळतं. पण बापाचं नाव फ्रीडरिश, आणि बाप्तिस्मा गावच्या चर्चमधला. म्हणजे आपला नव्हे. तू इतकी आस लावून बसली होतीस, मला फार वाईट वाटतंय.

तरी त्या परक्याचा लळा लागलाय. केपच्या त्या वसाहतीत बायका जवळजवळ नव्हत्याच. नांगरलेली जमीन, झोपडी, आणि संध्याकाळी एका माणसापुरतं जेवण. काल समुद्रावरून धुकं आलं, रस्ताच दिसेना. वाटलं, तो याच धुक्यातून दारं बघत चाललाय, कुठल्या दारात दिवा आहे ते शोधत.

टालियाला मी काही कळवलेलं नाही. तुझा लोभ आहेच, तो या अपयशावरून कमी करू नकोस.

तुझा,
एलिजा


वॉटफर्ड
१९ मार्च २०२४

चि. एलिजास,
अनेक आशीर्वाद.

आपण दोघंही अगदी दिवे आहोत रे. तुझं पत्र वाचून कालव्यावर गेले, बाकावर बसले, आणि लख्ख उजेड पडला. जो बाहेरून आपल्या धर्मात येतो, त्याच्या बापाचं नाव काही का असेना, आपण त्याला अव्राहामचाच मुलगा म्हणतो. लहानपणापासून हे ठाऊक असलेली मी, आणि तुला जर्मनीत अव्राहाम शोधायला लावला!

तो फ्रीडरिशचा याकोबच आपला. रिबकाबाईंच्या घरच्यांनी त्याला आत घेतलं. तेव्हा त्यांच्याकडेही कुणीतरी माझ्यासारखं म्हणालंच असेल की आपल्या घरात असं कधी झालेलं नाही. तरी दार उघडलं, म्हणून तू आहेस, मी आहे. मला माझीच लाज वाटली, आणि एकीकडे इतका आनंद झाला की बाकावरून उठवेना. बोटी जात होत्या, पाणी हलत होतं, आणि तो जवळच कुठेतरी असावा असं वाटत राहिलं.

कॅलमने धर्म बदलावा की नाही, ते त्या दोघांनी बघावं. मी अट घालणार नाही.

काल टालियाला फोन केला. म्हटलं, शुक्रवारी त्याला जेवायला घेऊन ये. ती रडायला लागली, मग मीही. त्या गडबडीत त्याला तिखट चालतं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

तूही ये. आहे तेवढी माया सगळी बरोबर आण.

तुझी,
ईवामावशी