एका तक्रारीची गाडी

मा. वाहतूक अधिकारी साहेब,

ज्येष्ठ आणि अपंगांसाठीची तुमची गाडी रोज सकाळी माझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवून माझ्या झोपेचा खून करते, अशी तक्रार मी केली होती. तुम्ही गाडीचा निधीच बंद केलात. कारण दिलंत, ‘नागरिकांचा विरोध’. साहेब, विरोध करणारा मी एकटाच होतो!

तळमजल्यावरच्या, चाकाच्या खुर्चीतल्या शिलाईवाल्या मावशींचं डायलिसिस त्यामुळे एकदा चुकलं. परवा म्हणाल्या, “कुणा मेल्याला आमची गाडी खुपली रे?”

“असेल कुणी रिकामटेकडा,” मी म्हणालो.

तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिलाय. हे पत्र मात्र खिशातच राहील. निधी मिळेपर्यंत आठवड्यातून तीनदा मीच मावशींना नेतो.

“तुझ्या वाटेवरच आहे ना रे दवाखाना?” त्या विचारतात.

माझं ऑफिस अगदी उलट्या दिशेला आहे.

“वाटेवरच आहे, मावशी.”

आपला,
पहिल्या मजल्यावरचा नागरिक