फितूर कोणाला म्हणावं

प्रिय शुभांगी,

लहानपणी तलावाचा तुडुम उघडला की पाणी त्या दगडी तोंडातून घुमत बाहेर पडायचं आणि तो आवाज आमच्या शाळेपर्यंत यायचा. गुरुजी कविता मध्येच थांबवायचे. घुमणं जरा मावळलं की अडलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू. आज सकाळपासून तेच कानात आहे.

मागच्या आठवड्यात पाण्याच्या सभेत तू सासरच्या बाजूने उभी राहिलीस. तलाव आपल्या गावाचा, पण पाटाच्या टोकाचे शेवटचे बांध तुझ्या सासरच्या गावाचे. धान पोटरीत आला आणि तिकडे जमिनीला भेगा. एक पाणी त्यांना आधी द्या, एवढंच तू म्हणालीस. आपल्या तलाव समितीचा सेवकराम मागून बोलला, "याच पाण्यावर मोठी झाली, अन् आता फितूर झाली." तुझा उतरलेला चेहरा मी पाहिला. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस.

हा शब्द मी आंबागडावर शिकलो, शाळेच्या सहलीत. पडक्या दरवाजापाशी गुरुजी म्हणाले, दार बाहेरून फुटेना की शत्रू आतला एखादा फोडतो. रात्री कडी काढणारा तो फितूर. म्हणजे हा शब्द वापरायचा तर बाहेर शत्रू उभा हवा. तुझ्या बांधावर कोण शत्रू आहे? ज्या गावाला आपण वाजतगाजत लेक दिली, ते? सेवकरामला मी हेच म्हटलं. तो म्हणाला, "काका, तुमचा अर्थ बराबर असंल, पण माह्या धानाले अर्थ पाजू काय?" त्याचंही खोटं नाही, पोरी.

रविवारी तुडुम उघडणार. त्याआधी गावच्या लेकीने तलावाची ओटी भरायची. यंदाचा मान तुझा होता. काल ठरलं, तुला बोलवायचं नाही. म्हणून लिहायला बसलो. पाणी आधी कुणाला, ते समिती पाहील. ओटीला तू ये. कोणी साथ दिली नाही तरी मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

थांब, दारात कोणी आलं आहे. तुझ्या सासूबाई! लग्नानंतर मंदाबाई या घराची पायरी चढल्या नव्हत्या. उभ्या उभ्याच म्हणतात, "इवाई, फितूर म्हणून लेक नको म्हणते न तुमचं गाव? मंग माह्यावाली सून म्हणून येईल. कोण अडवते, पाहू."

पत्र त्यांच्याच हाती देतो.

गावाआधी तुझाच,
बाबा