माघारीचा दिवस

प्रिय अप्पा,

पंचायतीच्या निवडणुकीतून अर्ज मागे घ्यायची मुदत आज संपली. शेवगावच्या तहसीलातून आत्ताच घरी आले. तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. असतात तर मला पाय धुऊ न देता सगळं विचारून घेतलं असतंत.

मागच्या निवडणुकीतलं तुमच्या अर्जाचं आठवतं? जीपमधून माणसं आली, ओट्यावर बसून चहा प्याली. "बिनविरोध होऊ द्या अप्पा, गावाचं नाव राहील. आमी काय दम द्यायला आलो न्हाई. पन तुमची पोरगी एकटीच एसटीनं कॉलेजला जाती, लई काळजी वाटती."

तुम्ही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "अप्पा उद्या अर्ज काढून घेतील." तुम्हाला न विचारता! 

दुसऱ्या दिवशी अर्ज काढून परत आलात तेव्हा फडक्यातली भाकरी तशीच होती. गावानं गुलाल उधळला. ग्रामसभेत खांबापाशी उभं राहून "हे लिहून घ्या" म्हणत ग्रामसेवकाला घाम फोडणारे तुम्ही, त्यानंतर सभेला गेलाच नाहीत. मला मात्र कधी बोल लावला नाहीत. का नाही लावलात? एकदा टाकून बोलला असतात, तर मी रडून मोकळी झाले असते.

परवा शेजारच्या शकूकाकूंकडे तीच माणसं आली. यंदा काकूंनी अर्ज भरलाय. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. "तुमची पोरगी रोज शेवगावला क्लासला जाती ना?" एवढं कानावर आलं आणि ओली साडी तशीच टाकून त्यांच्या ओट्यावर गेले. भीती वाटतच होती, खोटं कशाला सांगू.

म्हटलं, "भाऊ, आमच्या अप्पालाबी तुमी असंच म्हनला हुता. आता परत म्हना, मी लिहून घेते."

 माणसं उठून जीपमध्ये बसली.

आज काकूंनी आणि मी ते नावांसकट लिहून तहसीलदार साहेबांकडे दिलं, पोच घेतली आणि आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. काकू अर्ज काढायला दोनदा उठल्या. "जाऊ दे गं, पोरीचा घोर लागतो." मी अडवलं नाही. तुमच्या बाबतीत केलं ते पुन्हा करायचं नव्हतं. एवढंच म्हटलं, "तिच्यासंगं एसटीत मी बसंन." काकू खाली बसल्या.

तीन वाजले, मुदत संपली, तेव्हा भाकरीचं फडकं सोडलं. पहिला घास तुमच्या नावानं बाजूला ठेवला, अप्पा. तुमची फार आठवण आली.

उद्यापासून सकाळच्या गाडीला पोरीशेजारी मी असेन. आणि येत्या ग्रामसभेत तुमच्या त्या खांबापाशी उभी राहीन. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून घेतल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुमची, अजूनही थोडी भिणारी,
सुमन