तूर्त धरलेला आकडा

३ मार्च

ती. बाबांच्या चरणी सूनबाईचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि मी जे ओरडून सांगते ते शेजारच्या खोलीत यांना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र लिहायला बसले.

पेपरात वाचलं असेलच. यांच्या बँकेतून पैसे काढण्यावर बंदी आली आहे. लाकडाची गिरणी बंद पडली, तिच्यामागे फर्निचरचे कारखाने, मग मालट्रकवाले, मग तिथल्या कामगारांची घरकर्जं. सहा आठवड्यांत सगळं बसलं. शाळेत जाताना शाखेवरून जावं लागतं. रांगेतले निम्मे लोक मला ओळखतात, आणि मी छत्री पुढे धरून जाते. ऊन नसलं तरी.

हे जोखीम विभागाचे प्रमुख, त्यामुळे सगळी बोटं यांच्याकडेच. अठरा तारखेला चौकशी समितीपुढे जायचं आहे. वकील नको म्हणतात. चूक माझीच, असं लिहून सही करणार आहेत. कोणती चूक असं विचारलं तर म्हणाले, तुला कळायचं नाही. मी म्हटलं, मी पहिलीच्या पोरांना हातचा शिकवते, सांगून तर बघा. ताट सरकवून उठले.

तुम्ही याच विभागात तीस वर्षं काढलीत. काही सुचत असेल तर कळवा. तब्येतीला जपा. तुमचा हात डोक्यावर आहे म्हणून धीर आहे.

तुमची सून

८ मार्च

चि. सौ. मास्तरीणबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या नवऱ्याला लहानपणी आम्ही शंकासुर म्हणायचो. साधी चिमणीची गोष्ट पुरी व्हायला दोन तास लागायचे. असा पोरगा एकही प्रश्न न विचारता गुन्हा कबूल करतो, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

तुला कळेल असं मी सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा मोठे साहेब माणसाचे जोडे आणि दुकानातली धूळ बघून कर्ज द्यायचे. अंदाज बरेचदा बरोबर यायचा, पण साहेब निवृत्त झाले की अंदाजही त्यांच्याबरोबर घरी जायचा. मग आम्ही आलेखाचे कागद घेऊन बसलो. घंटेच्या आकाराची रेघ निघायची: बरेचसे दिवस मधल्या फुगवट्यात, वाईट दिवस कडेला, बारीक. कड बारीकच राहणार, असं आम्ही धरून चाललो. पुढे संगणक आला आणि अध्यक्षांना रोज सकाळी चहाबरोबर एकच आकडा हवासा झाला: शंभरातल्या नव्व्याण्णव दिवशी याहून जास्त बुडणार नाही. शंभराव्या दिवशी किती, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही आपणहून सांगितलं नाही.

त्यानंतरचा प्रश्न अवघड होता. एक बुडाला तर दुसऱ्यालाही ओढतो का? सगळे वेगवेगळ्या होड्यांत आहेत की एकाच? तेही शून्य ते एकमधल्या एका आकड्यात बसवायचं: शून्य म्हणजे सगळ्यांच्या होड्या वेगळ्या, एक म्हणजे सगळे एकाच होडीत. त्याला आम्ही परस्परसंबंध म्हणायचो. आता म्हणे यंत्रच लाखो कर्जं वाचतं आणि आपलं आपण शिकतं. तो पोराचा प्रांत. मी जुन्या पाटीवरचा.

तो कुणाला तरी पाठीशी घालतोय, असं मला वाटतं. वरच्या साहेबांपैकी कुणी असेल. डोळे उघडे ठेव. आणि छत्री पावसासाठी असते, पोरी.

तुझा सासरा

१२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

हे पत्र पाठवू की नको, यात एक दिवस गेला.

विजेचं बिल शोधताना कपाटात यांच्या सदऱ्यांखाली एक तपकिरी फाइल सापडली. बँकेची, जुनी. त्यातलं एक पान दुमडलेलं होतं. गिरणी, कारखाने, ट्रक, घरकर्जं अशी यादी आणि समोर हाताने लिहिलेलं: परस्परसंबंध ०.२, तूर्त. खाली तारीख, सव्वीस वर्षांपूर्वीची.

बाबा, मी दिवसभर पोरांची अक्षरं तपासते. त्या 'त'ची शेपटी मी दर महिन्याला तुमच्या पत्रात बघते.

यांना काही बोललेले नाही. तुम्हालाही दोष देत नाही, मला त्यातलं कळत नाही. पण उरलेत सहा दिवस. मी काय करायचं, तेवढं सांगा.

तुमची सून

१४ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

अक्षर माझंच.

त्या वर्षी हाताशी फक्त तीन वर्षांची माहिती होती, आणि तिन्ही वर्षं सुखाची. त्या काळात कुणी कुणाला ओढलं नव्हतं. दोन दशांश हा आकडा मी जेवणाच्या सुट्टीआधी अदमासे धरला. गिरणीचं लाकूड ट्रकमधून कारखान्यात जातं आणि त्याच पगारावर घरांचे हप्ते फिटतात, हे समजायला गणित लागत नव्हतं. खिडकीतून दिसत होतं. मी पुढच्या वर्षी सुधारणार होतो. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

वर्षामागून वर्षं वरचं सगळं बदललं. नवी यंत्रं आली, नवी सूत्रं, परदेशी शिकलेली पोरं. तळाचं पान कुणी उलटलं नाही, असं दिसतं. आणि हा वेडा माझ्यासाठी मान पुढे करतोय.

त्याला एवढंच सांग की सही करू नकोस. अठराला मी येतो. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं.

बाबा

२७ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

समितीपुढून तुम्ही थेट स्टेशनवर गेलात, घरी आला नाहीत. हिने तुमच्यासाठी पाट मांडला होता. तुम्ही माझ्याकडे न बघता निघालात, तेव्हाच मला कळलं, मला तोंड दाखवायची तुम्हाला लाज वाटत होती. म्हणून हे लिहितो. पूर्ण वाचा.

तुम्ही सांगितलंत ते खरं, पण अर्धं. ते पान मला या महिन्यात सापडलेलं नाही. चार वर्षांपूर्वी विभाग माझ्याकडे आला, त्या पहिल्याच आठवड्यात मी ते पाहिलं होतं. नवी माहिती घालून हिशोबही केला. ०.६ च्या वर येत होतं. तसं लावलं असतं तर गिरणीभोवतालची निम्मी कर्जं थांबवावी लागली असती आणि वरच्या साहेबांना कारण द्यावं लागलं असतं. कारण म्हणजे तुमचं नाव. बाबांनी काहीतरी बघूनच धरला असेल, असं मनाला सांगून मी फाइल मिटली. दहा प्रश्न विचारणाऱ्याने एक फोन केला नाही. तुम्ही तीन वर्षांच्या माहितीवर चुकलात. मी पंचवीस वर्षांची माहिती समोर असताना गप्प बसलो.

मी सही करणार होतो ती तुम्हाला वाचवायला, असं हिलाही वाटत होतं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. काल परत समितीपुढे जाऊन उरलेलं सांगितलं. नोकरी गेली. खटल्याचं अजून ठरायचं आहे. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होणार. लहान ठेवी पूर्ण मिळतील, मोठ्या पाच वर्षांत, थोड्या थोड्या.

आमच्या तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांची ठेव मोठ्यांत धरली गेली, मर्यादेच्या जेमतेम काही हजार वर होती म्हणून. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती. आज सकाळी खाली जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्यांनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग सुई आणि दोरा माझ्यापुढे सरकवला. मी ओवून दिला. त्यांनी दुसरी सुई काढली. अशा सात झाल्या. उद्या आठला ये म्हणाल्या, त्यानंतर खिडकीतला उजेड फिरतो.

या रविवारी येतोय. दाराला कडी लावू नका. रागवायचं असेल तर समोर बसवून रागवा, आणि माया आहे तेवढी राहू द्या.

तुमचा मुलगा